पारोसं तोंड

५ जानेवारी, रविवार

प्रयोगवहीत निरीक्षणं लिहायची असतात, शंका नाहीत. मला शंकाच जास्त येतात, म्हणून ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही.

काल प्रबंधाच्या विषयाला मंजुरी मिळाली. हिरड्यांच्या विभागात एमडीएस करतेय, आता दुसरं वर्ष लागलं, तरी अजून कुणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघते. विषय असा: हिरडी आतून सडायला लागली की शरीराच्याच पेशी एक एन्झाइम सोडतात (बाबा त्याला विकर म्हणतात, त्यांना मराठी शब्द लागतो). हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे तंतू ते विरघळवत जातं. हाड झिजलं की एक्स-रेत दिसतं, पण तोवर उशीर झालेला असतो. विकर त्याच्या आधी लाळेत येतं. म्हणून लाळ घ्यायची, तिचे थेंब करोनाच्या वेळी होती तसल्या पट्टीवर टाकायचे, दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे सध्या शांत. दोन रेघा म्हणजे आत काहीतरी चालू आहे.

महानंदा मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्यांनी विचारलं, "नमुने कुठून आणणार? कॉलेजात येतात ते दुखायला लागल्यावर येतात. मला न दुखणाऱ्या बायका हव्यात."

मी म्हटलं, आमच्या विहारातून आणीन. दर रविवारी आठ वाजता वंदना असते, साडेआठला संपते. वस्तीतल्या बायका एका जागी, आणि वंदनेआधी कुणी खात नाही. नमुन्याची अटच तशी आहे: आधी दोन तास खाणंपिणं नाही, दात घासणं नाही, चूळसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, "छान विचार केलास." दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते. आत्ताही लिहिताना पुन्हा आठवलं.

१९ जानेवारी, रविवार

पहिला कॅम्प. मागचा रविवार गड्ड्याच्या जत्रेमुळे गेला.

भीती होती कुणी येणार नाही. पण पारूआत्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आत्या बाबांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते, तेव्हापासून आत्या आमच्याकडेच आहे. विहारात वंदना तीच सांगते, बायका तिच्यामागून म्हणतात. वीस वर्षं झाली. तिने म्हटलं या, की येतात.

वंदना संपल्याबरोबर मी मागच्या खोलीत टेबल मांडलं. पांढऱ्या साड्या, ओले केस, सगळ्या कशा स्वच्छ, नीटनेटक्या. मला फार बरं वाटलं.

"डाक्टरीणबाई, थुकायला बोलावलंय व्हय गं आमाला?" रत्नदीपची आई म्हणाली. "घरात थुकलं तर सून वरडती, हितं थुकलं तर नंबर टाकून ठिवतीय."

"लई जपून ठिव बाई, माझी थुकी लई गुणाची हाय," दुसरी म्हणाली, आणि मग हसण्यात दहा मिनिटं गेली. हसताना सगळ्यांचे हात तोंडावर.

फॉर्मवरचे प्रश्न मी वाचून विचारते. वय, साखर आहे का, मशेरी लावता का. मशेरी सगळ्याच लावतात. मग शेवटचा: सकाळपासून दात घासले, तोंड धुतलं, चूळ भरली? हा प्रश्न मला नीट विचारता येत नाही. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना मी कसं म्हणू की तुम्ही पारोशा आलात ना? म्हणून फॉर्मकडे बघत पटकन म्हणते, "तोंड धुतलं नाहीत ना?" त्या म्हणतात, "न्हाय की." मी 'नाही'वर खूण करते. एकीचंही उत्तर वेगळं आलं नाही. आमच्या बायका किती शिस्तीच्या आहेत, हे मॅडमना सांगायला हवं.

चौदा नमुने. विहारातल्या अकराजणींपैकी दहाजणींच्या पट्टीवर एकच रेघ. उरलेल्या तिघी बाजूच्या गल्लीतल्या, खानावळीत भाकरी थापतात. पहाटे चारला कामावर जातात, नाश्त्याची गर्दी ओसरली की तशाच आल्या, हाताला पीठ. तिघींच्याही पट्टीवर दोन रेघा. त्यातली सोजरबाई, केम गावची. तिने तिन्ही पट्ट्या बघितल्या आणि म्हणाली, "आमचीच तोंडं वाईट व्हय? ह्या सगळ्या धुतल्या तांदळासारक्या?"

मी तिला समजावलं की यात लाज नाही, कॉलेजात या, आतून साफ करू. ती मान हलवत गेली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, मग वंदना, मग कॅम्प. आज आत्याने नमुना दिला. क्रमांक तेवीस.

घरच्या माणसाचा नमुना घ्यावा का, यावर मी तीन दिवस झोपेत बडबडत होते म्हणे. मॅडम म्हणाल्या, तोंड दुसऱ्या कुणीतरी तपासलं तर चालेल. म्हणून तपासणी माझ्या वर्गातल्या ऋतुजाने केली. खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडी पाच-सहा मिलिमीटर सुटलेली. पण हिरडीत मोजायची सळई घातली तरी रक्त जवळजवळ नाही. पट्टीवर एक रेघ. म्हणजे जुनं काहीतरी, आता शांत झालेलं. कॉलेजात खुर्च्या कमी, म्हणून नियम ठरलाय: दोन रेघा त्यांना लगेच बोलवायचं, एक रेघ त्यांना ब्रश द्यायचा आणि तीन महिन्यांनी परत बघायचं.

"ठीक आहे, आत्या," मी म्हटलं.

"तू म्हनतीस तर ठीकच की," ती म्हणाली आणि ब्रश पिशवीत टाकला. तो ती वापरणार नाही, मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

एकूण शेहेचाळीस झाले. पाण्याचा दिवस होता, म्हणून चारजणी नळ सोडून धावत आल्या, हातपाय ओले. एकीची लाळ तपकिरी दिसली. 'मशेरीचा रंग' अशी नोंद केली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आकडे मांडले. विहारातल्या अडतीसजणी: तेहतीस एक रेघ, पाच दोन रेघा. बाहेरच्या आठजणी, खानावळीतल्या आणि टॉवेलच्या कारखान्यातल्या: सहा दोन रेघा. वय सारखं, मशेरी सारखी, साखरही जवळपास सारखी. हिरड्यांची खोलीसुद्धा सारखी! फक्त विकर वेगळं.

मॅडमना लगेच फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या वस्तीत असं वेगळं काय आहे, धम्मप्रिया? हे शोधलंस तर हा नुसता प्रबंध राहणार नाही."

मी विचार करतेय. खाणं? ज्वारी तर सगळेच खातात. स्वच्छता? मला मनातून अभिमान वाटला. आमच्या लोकांना काय काय म्हटलं गेलं, आणि इथे आकडे सांगतात की आमच्या बायकांची तोंडं जास्त निरोगी आहेत. मग अभिमान वाटल्याचीच धास्ती वाटली. आकडे आपल्याला आवडायला लागले की दोनदा तपासावेत. दोनदा तपासले. बेरीज बरोबर आहे.

२ मार्च, रविवार

ऊन आतापासूनच भाजतंय.

आत्याने कडक भाकऱ्या केल्या होत्या, पण स्वतः खाल्ली नाही. आमटीत चुरून, भिजवून, पातळ करून घेतली. शेंगाचटणीला हात लावला नाही. "शेंगा जड पडत्यात आताशा," म्हणाली. वय होत चाललंय तिचं.

बाबा मला नंतर म्हणाले, "पारूअक्का एकाच बाजूने चावते. बघ जरा."

मी म्हटलं, "बाबा, मी पट्टी बघितली आहे."

बाबांना तेवढं पुरलं. मला सातव्या वर्षापर्यंत शाळेत जाता आलं नाही. फाटकापाशी गेलं की मला उलटी व्हायची. तेव्हा बाबा महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. सुटी झाली की फळ्यावरचे धडे डोक्यात घेऊन यायचे आणि मला घरी शिकवायचे. मी सांगितलेलं खोटं असेल असं त्यांना वाटतच नाही. याची मला कधीकधी भीती वाटते.

२१ मार्च, शुक्रवार

आत्या चिडचिडी झाली आहे. साडीच्या पदराला लवंगेचा वास येतो. तिच्या उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग, मशेरीचाच असणार. मी धुवायला घेतला तर हातातून ओढून घेतला. "माझं मी बघीन. तू तुझी परीक्षा बघ."

परीक्षा नाही, प्रबंध आहे, हे मी तिला शंभरदा सांगितलंय.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी विहारात उभं राहायला जागा नव्हती. आत्या वंदना सांगायला पुढे गेली आणि पहिल्याच ओळीला शब्द तोंडातून शिट्टी वाजल्यासारखा निघाला. तिने पदर तोंडावर धरला आणि सगळी वंदना पदराआडून म्हटली. लोकांना वाटलं असेल तिला भरून आलं. मलाही क्षणभर तेच वाटलं.

घरी आल्यावर मी पदर बाजूला केला. खालचे पुढचे दोन दात नाहीत. तिसरा जिभेने हलतोय. हिरडी सुजून जांभळी, दाबली तर पू.

"कधी?"

"एक पाडव्याच्या आदी. एक परवा."

"दुखलं नाही?"

"दुखलं की."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने पदर पुन्हा तोंडावर ओढला. बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजत होते.

१६ एप्रिल, बुधवार

आत्याला कॉलेजात नेलं. एक्स-रेत खालच्या पुढच्या दातांभोवती हाड राहिलेलंच नाही. अजून चार दात काढावे लागतील. दाढांचं नंतर बघू, असं ऋतुजा म्हणाली, म्हणजे दाढांचंही चांगलं नाही. साखरही वाढलेली निघाली. हे तीन महिन्यांत झालेलं नाही. जानेवारीतही चालूच असणार. मग एक रेघ का?

परत येताना रिक्षात मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते: पट्टी जुनी नव्हती, तारीख बघितली होती, दहा मिनिटं घड्याळ लावून मोजली होती. आत्या ऐकत होती. सात रस्त्याच्या सिग्नलला ती म्हणाली, "त्या दिवशी मी मशेरी लावली हुती गं. चांगली चोळून. मग चार तांबे पानी घिऊन चुळा भरल्या."

"पण मी विचारलं होतं आत्या! तोंड धुतलं नाही ना, म्हणून विचारलं होतं!"

"इचारलंस की. तुला न्हाय पायजे हुतं, न्हाय म्हटलं."

"पण मग धुतलंसच कशाला?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जणू काही घाणेरडं बोलले. "वंदना सांगायला पारोशा तोंडानं हुभी राहू व्हय? आन वरनं दवाखान्याच्या मानसाम्होरं तोंड उघडायचं. पारोसं? मी? तुला हेच शिकिवलं व्हय मी?"

मी विचारलं, बाकीच्या बायका?

"समद्याच धुऊन येत्यात. कोन येतंय तसं विहारात? मीच सांगितलं हुतं सगळ्यांस्नी, पोरीची परीक्षा हाय, ती इचारंल त्याला न्हाय म्हना."

हे लिहायलाच हवं: मशेरी चोळली की लाळ सुटते, चुळा भरल्या की उरलंसुरलं वाहून जातं. नव्या पातळ लाळेत विकर सापडणार कुठून? रक्त न येणंही मशेरीचंच. तंबाखूने नसा आवळतात, हिरडी आत सडत असते आणि वरून कोरडी दिसते. हे मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत.

खानावळीतल्या बायकांनी तोंड पहाटे चारला धुतलं होतं. साडेआठपर्यंत साडेचार तास झाले होते. त्यांच्या पट्ट्या तेवढ्या खऱ्या होत्या.

आणि वंदनेला निघण्याआधी दर रविवारी मीसुद्धा तोंड धुतलं. न चुकता. सगळ्या रविवारी.

आत्या उतरताना म्हणाली, "तवा तू माझ्याकडं बघितलं असतंस तर मला न्हाय म्हनता आलं नसतं. तू कागदाकडं बघत हुतीस."

१७ एप्रिल, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर रडले असते.

त्या बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत होत्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण बघ, असं प्रत्येक अभ्यासात होतं. 'सहभागींनी सांगितल्याप्रमाणे' असे दोन शब्द घाल. मर्यादांमध्ये एक ओळ लिही. नोव्हेंबरात प्रबंध द्यायचा आहे तुला."

"आणि त्या तेहतीसजणी, मॅडम? ज्यांना मी ठीक आहे म्हटलं?"

"त्यांना तीन महिन्यांनी परत बोलावलंच आहे ना?"

"हो. वंदनेनंतर."

मॅडमनी टोपण खाली ठेवलं. "दोन दिवस विचार कर," एवढंच म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. त्यांना मी पास व्हायला हवी आहे.

मला झालेला मोह लिहून ठेवते. दोन शब्द आणि एक ओळ. वाक्य खोटंही नाही: सहभागींनी तसंच सांगितलं होतं. मी ते वाक्य लिहूनही बघितलं. दिसायला फार सभ्य आहे. दोष त्यांच्यावर टाकतं आणि टाकल्यासारखं वाटत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

मला वाटलं होतं बाबा माझ्या बाजूने असतील. लहानपणी बाबांचा नियम होता की चुकलं तर खोडरबर नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर ते लिहायचं. प्रयोगवहीचा नियमही हाच आहे, कॉलेजात तो मला नव्याने शिकावा लागला नाही.

बाबा म्हणाले, "लिहू नकोस."

मला ऐकूच आलं नाही नीट.

"लिहू नकोस, प्रिया. आमच्या तोंडाबद्दल, हातापायाबद्दल, सावलीबद्दल लोकांनी खूप बोलून झालंय. आता तू छापणार, की आमच्या बायका डॉक्टरला खोटं सांगतात? तुझ्या नावाने? ते पुस्तक कपाटात कायमचं राहील."

"बाबा, त्या खोटं बोलल्या नाहीत. त्या स्वच्छ आल्या."

"हे तुला कळलं. वाचणाऱ्याला कळेल?"

आत्या भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. दात गेल्यापासून ती घरातही कमी बोलते.

बाबांनी कधी काही लपवायला सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा चेहरा शाळेच्या फाटकापाशी मला धरून उभे असायचे तेव्हासारखा होता.

२० एप्रिल, रविवार

आज वंदनेला गेले नाही. अडतीस फॉर्म काढले आणि प्रत्येकावरच्या 'नाही'वर एक रेघ मारली. तारीख, सही, आणि बाजूला: 'विचारणाऱ्याने वेळ चुकीची निवडली. वंदनेआधी तोंड धुतलं जातं, हे तिला माहीत असायला हवं होतं.' अडतीस वेळा. शेवटी शेवटी अक्षर बिघडलं.

मॅडमना फोन केला. म्हटलं, "माझ्या नावाने लिहीन. बायकांच्या नावाने नाही. आणि नमुने नव्याने घेईन."

"सहा महिने जातील," त्या म्हणाल्या. "तुझ्या बरोबरचे पुढे जातील."

"हो."

"घरच्यांना सांगितलंस?"

मी "हो" म्हटलं. बाबांना अजून सांगितलं नव्हतं. लगेच उठून बाहेर गेले आणि सांगितलं, म्हणजे ते 'हो' फार वेळ खोटं राहिलं नाही. बाबांनी ऐकून घेतलं. चपला घातल्या आणि भैया चौकापर्यंत चक्कर मारून येतो म्हणाले. दोन तासांनी आले.

२४ एप्रिल, गुरुवार

चार दिवस घरोघर फिरतेय. प्रत्येक दारात तेच वाक्य: मी तुम्हाला ठीक आहे म्हटलं होतं, ते चुकलं, परत तपासायला हवं, या वेळी न धुता या.

रत्नदीपच्या आईने आधी हसून घेतलं. "म्हंजी तवा सोजरीचं वाईट न् आमचं चांगलं, आता आमचंबी वाईट?" मग हसू गेलं. "तीन म्हयनं निवांत हुते बाई मी. वरच्या दाढंत कळ येती, पर म्हटलं डाक्टरीणीनं बघितलंय. घरची पोरगी हाय, खोटं कशाला बोलंल?"

"मी खोटं बोलले नाही, मावशी. चुकले."

"आमाला काय फरक गं त्यात?"

मी तिच्या दाढेची कळ वहीत लिहून घेतली.

एका घरात एक बाई दारातूनच म्हणाल्या, "पारोशी विहारात? सासऱ्याम्होरनं? न्हाय जमायचं." दुसऱ्या घरात सुनेने सांगितलं, सासूबाई घरात नाहीत. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

सोजरबाई रस्त्यात भेटली. तिची कॉलेजातली सफाई झाली, हिरड्या आता बऱ्या आहेत. मी तिला झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती टोमणा मारेल. ती म्हणाली, "पारूबाईचे दात गेले म्हनं. लई वाईट झालं बघा." आणि भाकरीची पाटी सावरत निघून गेली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल, रविवार

आत्याला विचारलं, दात गेले तेव्हा सांगितलं का नाहीस? आज तिने उत्तर दिलं.

"तुझा कागद खोटा पडला असता की."

एवढंच. मग गव्हातले खडे वेचत बसली. मी शेजारी बसून वेचले. तिच्यापेक्षा माझ्याकडून जास्त सुटले.

४ मे, रविवार

कॅम्प साडेसहाला ठेवला, वंदनेच्या आधी. विहारात नको म्हणून रस्त्यापलीकडच्या बालवाडीत. टेबल मांडलं आणि पावणेसातपर्यंत एकटी बसून होते. बाबांनी पाण्याची घागर आणून दारात ठेवली, नमुना दिल्यावर लगेच धुता यावं म्हणून. मी सांगितलं नव्हतं. ठेवली आणि गेले.

पहिली आत्या आली. घरापासून बालवाडी शंभर पावलं असेल. पदर नाकापर्यंत ओढून, कुणाच्या हाकेला ओ न देता आली. धुळाप्पा दूधवाल्याने "जय भीम, अक्का" म्हटलं तर तिने नुसता हात जोडला. माझ्यासमोर बसली. मी फॉर्म उलटा ठेवला आणि तिच्याकडे बघून विचारलं.

"आत्या, तोंड धुतलंस?"

तिने मान हलवली. नाही. तोंड उघडून नाही म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढा वेळ तिच्याकडे बघत राहणं मला फार जड गेलं.

नंतर आठजणी आल्या. दोघी विचारल्याबरोबर म्हणाल्या, "धुतलंय बाई. न्हाय ऱ्हावलं." त्यांना उद्या बोलावलं. कॉलेजला जायच्या आधी पुन्हा टेबल मांडीन. रत्नदीपची आई आली नाही.

सातजणींचे नमुने झाले. आत्याच्या पट्टीवर दुसरी रेघ दहा मिनिटं थांबायच्या आतच उमटली, गडद. तिने वाकून बघितली आणि बोट लावणार होती, मग हात मागे घेतला. घागरीपाशी जाऊन खूप वेळ चुळा भरल्या.

आठ वाजता ती विहारात गेली, पण मागच्या ओळीत बसली. सगळ्या तिच्या सुरुवातीची वाट बघत थांबल्या. ती खाली बघत होती. शेवटी पुढच्या कुणीतरी सुरुवात केली, सूर फार वर लागला, बायकांना तो झेपेना. बालवाडीच्या खिडकीतून मला ऐकू येत होतं. मी पट्ट्यांवर क्रमांक घालत होते.

गुरुवारी आत्याचे चार दात काढायचे आहेत.

सातपैकी सहाजणींच्या पट्टीवर दोन रेघा. तेहतीसमधल्या चोवीसजणी आल्याच नाहीत. त्या घरी आहेत. दोन वेळा मी त्यांच्याशी बोलले, आणि त्यांना माझं पहिलं वाक्य, 'ठीक आहे', तेच खरं वाटतंय.